रविवारी सकाळी सातला: बाखच्या लाइपझिगमधल्या पहिल्या दोन वर्षांचं प्रकरण

योहान सेबास्टियन बाखने चर्चसाठी केलेल्या कँटाटांपैकी सुमारे दोनशे आज हाती आहेत. कँटाटा म्हणजे गायकवृंद, एकल गायक आणि वाद्यवृंद यांच्यासाठी बांधलेली पाच-सात भागांची रचना. वीस-पंचवीस मिनिटं चालते. रविवारच्या उपासनेत ती प्रवचनाच्या आधी व्हायची. लांबलचक असली तर तिचा उत्तरार्ध प्रवचनानंतर. बाख लाइपझिगमध्ये १७२३ पासून १७५० साली मृत्यू येईपर्यंत नोकरीला होता. दोनशे रचना, सत्तावीस वर्षं. एवढ्या भागाकारावर विसंबून अभ्यासक बराच काळ समजत होते की हे काम आयुष्यभर सावकाश चाललेलं होतं. त्यातल्या सर्वांत घडीव रचना तर उतारवयातल्या, अनुभव मुरल्यानंतरच्या, असं त्याचा थोर चरित्रकार फिलिप श्पिट्टा याने लिहून ठेवलं होतं आणि ते बहुतेकांना पटलंही होतं. पटण्यासारखंच होतं ते. कलावंत असाच हळूहळू पिकत जातो, असं मानायला आपल्याला आवडतं.

१९५७-५८ च्या सुमारास आल्फ्रेड ड्यूर आणि गेओर्ग फॉन डाडेलसेन या दोघांनी हा समज मोडला. त्यांनी सुरांइतकंच कागदाकडे पाहिलं. कागदातलं जलचिन्ह कोणत्या सुमाराचं, नकला करणाऱ्या पोरांपैकी कोणाचं अक्षर कधी दिसू लागतं आणि कधी नाहीसं होतं, खुद्द बाखच्या अक्षराचं वळण कसं बदलत गेलं, या सगळ्याचा ताळा घालून त्यांनी रचनांच्या तारखा नव्याने लावल्या. निघालं ते असं, की उपलब्ध कँटाटांचा मोठा हिस्सा लाइपझिगमधल्या पहिल्या काही वर्षांतलाच आहे. श्पिट्टाने उतारवयात ढकललेल्या कोराल कँटाटा, म्हणजे चर्चमधल्या परिचित स्तोत्रांवर बांधलेल्या, प्रामुख्याने १७२४-२५ च्या निघाल्या. म्हणजे एकोणचाळीस वर्षांच्या माणसाने आठवड्याला एक या वेगाने तयार करून दिलेल्या.

'रोज बसा, रोज काम करा' हा उपदेश सर्जनशील क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाला होतो. रोज बसून नेमकं काय करायचं, वेळ कशात जातो, कुठे काटकसर चालते आणि कुठे चालत नाही, हे मात्र क्वचितच कोणी सांगतं. बाखने आत्मचरित्र लिहिलं नाही. त्याने मागे ठेवलं ते कामाचं साहित्य: खाडाखोड केलेले स्कोअर (सगळ्या गायक-वादकांच्या ओळी एकत्र लिहिलेली स्वरलिपी), नकला, करार, तक्रारअर्ज. म्हणूनच हे प्रकरण उपयोगाचं आहे. कागद कौतुकासाठी केलेले नाहीत, कामासाठी केलेले आहेत.

नोकरी कशी होती

लाइपझिगचा आधीचा कँटर योहान कुनाउ १७२२ च्या जूनमध्ये वारला. कँटर म्हणजे शहरातल्या चर्चसंगीताचा प्रमुख आणि त्याच वेळी सेंट थॉमस शाळेतला शिक्षक. नगरपरिषदेला हवा होता टेलेमान, हॅम्बुर्गमधला नावाजलेला संगीतकार. त्याने लाइपझिगचं बोलावणं दाखवून हॅम्बुर्गमध्येच पगार वाढवून घेतला आणि नकार कळवला. दुसरी पसंती ग्राउपनर हा संगीतकार. त्याला त्याच्या डार्मश्टाटच्या मालकाने सोडलं नाही. ७ फेब्रुवारी १७२३ ला बाखने परीक्षा म्हणून दोन कँटाटा सादर केल्या आणि एप्रिलमध्ये त्याची निवड झाली. त्या चर्चेत प्लाट्झ नावाच्या सदस्याने 'सर्वोत्तम मिळत नाही म्हटल्यावर मध्यम घ्यावे लागतील' असं म्हटल्याची नोंद आहे. बाखच्या चरित्रांत हे वाक्य हमखास येतं आणि वाचक परिषदेला हसतात. मला हसू येत नाही. परिषदेची चर्चा बरीचशी शिकवण्याच्या कामाभोवती फिरत होती, आणि शाळामास्तर म्हणून बाख खरोखरच काही फार मोठा नव्हता. लॅटिन शिकवायला त्याने दुसरा माणूस लावला आणि त्यासाठी वर्षाला ५० थालर (तेव्हाचं चांदीचं नाणं) पदरचे मोजले.

करारातल्या अटी वाचल्या की नोकरीचा वास येतो. महापौरांच्या परवानगीशिवाय शहर सोडायचं नाही. संगीत फार लांबवायचं नाही. ते ऑपेरासारखं वाटता कामा नये, भक्तिभाव वाढवणारं असावं. याआधी तो कोथेनच्या राजपुत्राच्या पदरी दरबारी संगीतप्रमुख होता; तिथे प्रतिष्ठा होती आणि मालक संगीताचा शौकीन होता. दरबारी संगीतप्रमुखाने कँटर व्हावं हे आपल्याला सुरुवातीला रुचलं नव्हतं, असं त्याने पुढे एका मित्राला लिहिलं.

कामाचा पसारा असा: चार चर्चच्या संगीताची जबाबदारी, त्यात सेंट निकोलस आणि सेंट थॉमस या दोन मुख्य चर्चमध्ये आळीपाळीने दर रविवारी कँटाटा. शाळेत पन्नासवर निवासी मुलं. तीच गायकवृंदात उभी राहायची आणि त्यांना गाणं शिकवायचं ते यानेच. दर चार आठवड्यांतून एक आठवडा वसतिगृहाची देखरेखही याच्याकडे. लग्नं आणि अंत्ययात्रा वेगळ्या. आणि घर शाळेच्या इमारतीतच. पोरांचा गोंगाट भिंतीपलीकडून येत असणार, हे सांगायला पुरावा लागत नाही.

वर्षाला साधारण साठ कँटाटा लागत. आगमनपर्वाचे, म्हणजे नाताळाच्या आधीच्या काळाचे, शेवटचे तीन रविवार आणि ईस्टरच्या आधीचा उपवासाचा काळ सोडला, तर खंड नाही. नाताळ, ईस्टर आणि पेंटेकॉस्ट (ईस्टरनंतर पन्नासाव्या दिवशीचा) हे सण तीन-तीन दिवसांचे. दर वर्षी नवं लिहायलाच हवं असं बंधन करारात नव्हतं. जुन्या कँटरांच्या किंवा इतरांच्या रचना वाजवून भागलं असतं. आठवड्याला एक नवी हे ओझं बाखने आपण होऊन उचललं. असं का, याचं माझं उत्तर व्यवहारी आहे: स्वतःच्या रचनांचा साठा नव्हता आणि तो लवकरात लवकर करायचा होता. वायमारच्या, म्हणजे कोथेनआधीच्या नोकरीच्या, दिवसांतल्या वीसेक कँटाटा त्याच्याकडे होत्या. त्यावर वर्षाचा एक तृतीयांश भाग निघाला असता.

एक आठवडा

उपासना रविवारी सकाळी सातला सुरू व्हायची. ती पुढे ढकलता येत नसे. यापलीकडे आठवड्याचं वेळापत्रक बाखने कुठे लिहून ठेवलेलं नाही, पण कामाचा क्रम कागदांवरून लागतो आणि तो रंजक आहे.

सुरुवात सुरांपासून होत नाही, शब्दांपासून होते. लाइपझिगमध्ये उपासकांसाठी कँटाटांच्या शब्दांच्या छोट्या पुस्तिका छापल्या जात, एका पुस्तिकेत पुढच्या अनेक रविवारांचे शब्द. १७२४ च्या सुरुवातीची अशी एक पुस्तिका टिकून आहे. याचा अर्थ सरळ आहे. काही आठवडे आधीच शब्द निवडून, चर्चच्या वरिष्ठांकडून मान्य करून घेऊन छापखान्यात द्यावे लागत. एकदा छापलं की बदल बंद. रविवारी कोणतं गीत आहे, त्यात किती आरिया (एकल गायकाची गीतं), शेवटी कोणती प्रार्थना, हे महिनाभर आधी ठरलेलं असायचं. 'काय लिहू?' हा प्रश्न घेऊन बाख सोमवारी बसत नसे. त्याच्यापुढे प्रश्न असायचा तो 'हे कसं लिहू?' मला वाटतं, सातत्याने काम करणाऱ्या आणि न करणाऱ्या लेखक-कलावंतांत सर्वांत मोठा फरक इथेच पडतो. इच्छाशक्तीबद्दल आपण उगाच जास्त बोलतो.

मग स्कोअर. पाच टोकांच्या लेखणीने कागदावर आडव्या रेघा ओढायच्या. त्याला रास्ट्रम म्हणत. वर 'जे. जे.' ही अक्षरं, म्हणजे 'येशू, साहाय्य कर'. मग सलग लिहीत सुटायचं. रॉबर्ट मार्शल या अभ्यासकाने १९७२ साली या हस्तलिखितांवर मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातून दिसतं की बाख वेगळे कच्चे मसुदे फारसे करत नसे. बहुतेक वेळा पहिला खर्डा हाच अंतिम स्कोअर. खाडाखोड भरपूर, पण ती त्याच पानावर. गुंतागुंतीच्या सुरुवातीच्या समूहगीतात ती जास्त, साध्या भागांत कमी. एक तपशील मला फार आवडतो. पान भरलं की शाई वाळेपर्यंत उलटता येत नसे. तेवढ्यात पुढचा विचार निसटू नये म्हणून पानाच्या तळाशी, उरलेल्या रेघांवर, पुढच्या पानाचे एक-दोन सूर बाख घाईने टिपून ठेवायचा. अशा टिपा अनेक हस्तलिखितांत आहेत.

स्कोअर पुरा झाला की बाहेरून पाहणाऱ्याला काम संपल्यासारखं वाटतं. खरं ओझं इथून पुढे असायचं.

स्कोअर एकच, आणि वादक-गायक स्कोअरवरून वाजवत नाहीत. प्रत्येकाला फक्त त्याच्या ओळीचा कागद लागतो, त्याला पार्ट म्हणतात. चार गायनस्वर, दोन व्हायोलिन, व्हिओला, ओबो, कधी तुताऱ्या, आणि खालची खर्जाची ओळ. व्हायोलिन आणि खर्ज यांच्या जादा प्रती. हे सगळं हाताने उतरवायचं. १७२३ ते १७२५ या काळात यातला मोठा भार योहान आंद्रेयास कुनाउ या शाळेतल्या मुलाने वाहिला. तो आधीच्या कँटरचा पुतण्या. तो स्कोअरवरून पहिला संच करायचा, मग दुसरी मुलं त्या संचावरून जादा प्रती काढायची. बाखची पत्नी आना माग्डालेना आणि मोठा मुलगा विल्हेल्म फ्रीडमान यांचीही अक्षरं या पानांत सापडतात. सगळ्यात किचकट प्रत ऑर्गनची. लाइपझिगच्या चर्चमधले ऑर्गन इतर वाद्यांपेक्षा एक स्वर चढे लावलेले होते, त्यामुळे ऑर्गनवादकाचा पार्ट एक स्वर खाली उतरवूनच लिहावा लागे. एक चूक झाली की रविवारी भर चर्चमध्ये बेसूर.

हे झाल्यावर बाख स्वतः पार्ट तपासायचा. चुकलेले सूर दुरुस्त करायचे, कुठे हळू, कुठे जोरात, कुठे जोडून हे घालायचं, ऑर्गनवादकासाठी अंकांच्या खुणा भरायच्या. सगळ्या चुका सापडत नसत. टिकलेल्या पार्टांत काही तशाच राहून गेलेल्या दिसतात, आणि त्यावरून कोणत्या आठवड्यात किती धावपळ होती याचा अंदाज बांधता येतो. बाखच्या आयुष्याविषयी लोक लिहितात तेव्हा या टप्प्याला एखादं वाक्य मिळतं. प्रत्यक्षात शनिवारपर्यंतचे किती तास यात जात असतील! शाईने बरबटलेली पोरं, अपुरा उजेड, आणि मध्येच कोणाच्या तरी अंत्ययात्रेला गायला जायचं.

तालमीला वेळ जेमतेम मिळायचा. मग रविवार.

आणि सोमवारी पुन्हा.

नाताळ १७२३ आणि ईस्टर १७२४

वेगाची खरी कसोटी सणांत लागते. १७२३ च्या २५ डिसेंबरपासून १७२४ च्या ९ जानेवारीपर्यंत सात कँटाटा व्हायच्या होत्या: २५, २६ आणि २७ डिसेंबर, मग १, २, ६ आणि ९ जानेवारी. मोठ्या दिवशी तीच रचना सकाळी एका चर्चमध्ये आणि दुपारी दुसऱ्यात. शिवाय माग्निफिकात ही मोठी लॅटिन रचना. हे सगळं गाणारी मुलं तीच, शाळकरी वयाची.

बाखने काय केलं ते पाहण्यासारखं आहे. पहिल्या दिवशी, २५ तारखेला, वायमारची जुनी कँटाटा (क्र. ६३; हे क्रमांक बाखच्या रचनांच्या सूचीतले) काढली, भव्य, पण तयार. १ जानेवारीला तुताऱ्या-नगाऱ्यांची जोरदार रचना (क्र. १९०). ६ तारखेला, तीन राजांच्या सणाला, शिंगं, बासऱ्या आणि ओबो यांच्या भरगच्च वाद्यमेळातलं मोठं समूहगीत (क्र. ६५). या दोहोंच्या मध्ये अडकलेल्या २ तारखेच्या रविवारी जी कँटाटा आहे (क्र. १५३), तिच्यात गायकवृंदाला फक्त तीन साधी चार आवाजांतली स्तोत्रं आहेत. वाद्यं नुसती तंतुवाद्यं. बाकीचं काम एकल गायकांवर. ही रचना ऐकताना कोणाला ती 'कमी' वाटू शकेल. मी तिला त्या पंधरवड्यातला सर्वांत शहाणा निर्णय म्हणेन. मुलांचे गळे कुठे खर्चायचे आणि कुठे राखायचे हे ठरवणं हाही रचनेचाच भाग होता.

ईस्टरची तऱ्हा याहून बोलकी आहे. फेब्रुवारीच्या अखेरीपासून उपवासाचा काळ लागला. २५ मार्चचा एक सण वगळता कँटाटा नाहीत. त्याच सुमारास, २६ फेब्रुवारीला, घरात मुलगा जन्मला. या आठवड्यांचं फळ म्हणजे ७ एप्रिल १७२४ च्या गुड फ्रायडेला सादर झालेलं योहानकृत पॅशन, म्हणजे येशूच्या छळाची आणि मृत्यूची कथा सांगणारी संगीतरचना, जवळपास दोन तासांचं. त्यातही शेवटच्या घडीला कटकट. बाखने सेंट थॉमस चर्चचं नाव घालून पत्रक छापलं. परिषदेने सांगितलं की यंदाची पाळी सेंट निकोलसची. त्याने उत्तर दिलं की तिथे जागा कमी आहे आणि हार्प्सिकॉर्ड दुरुस्तीला आलाय. परिषदेने दुरुस्ती मान्य केली, पत्रक नव्याने छापलं गेलं आणि प्रयोग निकोलसमध्येच झाला.

दोनच दिवसांनी ईस्टर. तीन दिवस, तीन उपासना. आणि या तिन्ही दिवसांसाठी बाखने नवं जवळजवळ काहीच केलं नाही. पहिल्या दिवशी जुन्या रचना. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी कोथेनच्या राजपुत्राच्या अभिनंदनासाठी केलेली दरबारी गीतं, नव्या धार्मिक शब्दांनी (क्र. ६६ आणि १३४). क्र. १३४ मध्ये घाई उघडी दिसते: पठणवजा भागांतही जुनेच सूर ठेवून वर नवे शब्द बसवले आहेत. १७३१ मध्ये ही कँटाटा पुन्हा करायची वेळ आली तेव्हा त्याने ते भाग नव्याने लिहिले.

जुनं वापरणं म्हणजे लबाडी, अशी एक समजूत सर्जनशील कामाभोवती चिकटलेली आहे. बाखच्या हिशेबात तसं काही नव्हतं. सगळी ताकद पॅशनवर लावायची तर ईस्टर तयार मालावर काढायचा, आणि त्यातलं जे ठिगळ वाटलं ते पुढे सवडीने काढून टाकायचं.

दुसरं वर्ष: चौकट

११ जून १७२४ पासून त्याने वेगळाच बेत आखला. प्रत्येक कँटाटा एका परिचित स्तोत्रावर. स्तोत्राचं पहिलं आणि शेवटचं कडवं जसंच्या तसं, मधली कडवी कवीने आरिया आणि पठण यांत घोळवून घ्यायची. बहुतेक ठिकाणी पहिल्या भागात स्तोत्राची चाल एका आवाजात लांब सुरांत, तिच्याभोवती बाकी सगळ्यांचं विणकाम. शेवटचा भाग साधा, चार आवाजांत. अशा चाळीसेक रचना २५ मार्च १७२५ पर्यंत झाल्या.

पहिल्या चार रचना पाहा. पहिलीत चाल सोप्रानोकडे, दुसरीत अल्टोकडे, तिसरीत टेनरकडे, चौथीत बासकडे, म्हणजे सर्वांत उंच आवाजापासून सर्वांत खालच्यापर्यंत क्रमाने. हे योगायोगाने होत नाही. त्यातली तिसरी २४ जूनची, संत योहानाच्या सणाची, आणि चौथी लगेच दुसऱ्या दिवशीच्या रविवारची, २५ जूनची. लागोपाठच्या दोन सकाळी दोन नव्या कँटाटा द्यायच्या असताना हा माणूस असला डाव मांडून बसला होता. चौकटीमुळे त्याचे निम्मे निर्णय आधीच झालेले होते. उरलेल्या निम्म्यांत त्याने स्वतःलाच कोडी घातली. दर आठवड्याला तेच करून कंटाळा कसा आला नाही, याचं उत्तर मला इथे सापडतं. या मालिकेतली पहिलीच रचना (क्र. २०) फ्रेंच धाटणीच्या ओव्हर्चरमध्ये, म्हणजे वाद्यवृंदाच्या प्रस्तावनेच्या घाटात, बसवली आहे. स्तोत्र तेच, बैठक दर वेळी निराळी.

समोर कोण वाजवणार आहे हेही तो बघून लिहायचा. १७२४ च्या उत्तरार्धात, बऱ्याच कँटाटांत, आडव्या बासरीला अचानक अवघड कामं मिळू लागतात. कोणी तरी चांगला बासरीवादक तेव्हा हाताशी असणार. तुतारीचंही तसंच. गॉटफ्रीड राइखे हा नगरपालिकेचा तुतारीवादक असामान्य होता आणि बाखच्या तुतारीच्या भयंकर उंच ओळी त्याच्या दमावर उभ्या आहेत. (याच राइखेने ५ ऑक्टोबर १७३४ च्या रात्री मशालींच्या उजेडात राजासमोर झालेल्या बाखच्या कँटाटात वाजवलं आणि दुसऱ्या दिवशी तो रस्त्यात कोसळून गेला. श्रम आणि मशालींचा धूर बाधला, असं तेव्हाच्या एका नोंदीत आहे. सर्जनशील कष्टांचा विषय निघाला की त्याच्यासारख्यांची आठवण कोणी काढत नाही.)

मालिका का तुटली

मार्च १७२५ नंतर ही मालिका एकाएकी थांबते, वर्ष पुरं व्हायच्या आत. एक तर्क असा की शब्द लिहून देणारा माणूस जानेवारीत वारला आणि तयार असलेले शब्द संपले. तर्क बरोबर असेल तर त्यातून एक गोष्ट दिसते: थकून नव्हे, पुरवठ्याची एक कडी तुटली म्हणून जगातला एक अफाट उपक्रम अर्धवट राहिला. त्या वसंतात क्रिस्टिआने मारियाने फॉन त्सीग्लर या कवयित्रीच्या शब्दांवर नऊ कँटाटा झाल्या. पुढे वेग उतरला. १७२६ मध्ये तर त्याने माइनिंगेनच्या योहान लुडविग बाख या नातलगाच्या अठरा कँटाटा वाजवल्या. दुसऱ्याच्या रचना वाजवायची सोय पहिल्या दिवसापासून होती. ती वापरायला त्याला तीन वर्षं लागली.

याच काळाबद्दल, किंवा खरं तर या काळानंतरच्या बाखबद्दल, नगरपरिषदेच्या २ ऑगस्ट १७३० च्या बैठकीत म्हटलं गेलं की कँटर काहीच करत नाही, आणि वर त्याचा खुलासाही देत नाही. 'सुधारण्यापलीकडचा' हा शब्दही त्या चर्चेत आहे. दीडशेच्या आसपास कँटाटा आणि दोन पॅशन खात्यावर असलेल्या माणसाविषयी हे बोलणं आज विनोदी वाटतं. पण परिषद वर्ग घेण्याबद्दल बोलत होती, आणि तिथे तिचं अगदीच चुकलं नसावं. पगार देणाऱ्याला दिसणारं काम आणि करणाऱ्याला जाणवणारं काम यांची फारकत त्या बैठकीच्या नोंदीत लख्ख दिसते.

बाखनेही २३ ऑगस्टला लेखी बाजू मांडली. चर्चसंगीत नीट चालायला काय लागतं याचं ते टिपण आहे आणि त्यात सर्जनाबिर्जनाबद्दल अक्षर नाही. प्रत्येक वृंदाला निदान बारा गायक हवेत, ते सोळा असतील तर उत्तम. नगरपालिकेचे वादक आठ, बाकीच्या जागा विद्यार्थ्यांनी भरायच्या. शेवटी शाळेतल्या मुलांची यादी: १७ उपयोगाची, २० अजून तयार नसलेली, १७ निरुपयोगी. ज्या रचनांपुढे आज जगातले उत्तमोत्तम गायक नम्र होतात, त्या या चोपन्न पोरांतून निवडून केलेल्या चमूसाठी लिहिल्या गेल्या.

दोन महिन्यांनी, २८ ऑक्टोबरला, गेओर्ग एर्डमान या जुन्या मित्राला त्याने पत्र पाठवलं. हेतू दुसरी नोकरी शोधण्याचा. त्यात कमाईचा हिशेब आहे. एकूण सुमारे ७०० थालर, पण त्यातला बराचसा भाग लग्नं-मयतांच्या वरकड मिळकतीचा. शहराची हवा निरोगी राहिली की मयतं कमी, आणि मिळकतही कमी. मागच्या वर्षी त्यात शंभराहून जास्त थालर बुडाले, असं तो लिहितो. या वाक्यात विनोद शोधला जातो. मला तो दिसत नाही. भरल्या घराच्या माणसाने मांडलेला तो साधा जमाखर्च आहे. नोकरी मिळाली नाही. तो लाइपझिगमध्येच राहिला.

बाखचा पहिला चरित्रकार फोर्केल याने १८०२ साली त्याच्या तोंडचं म्हणून एक वाक्य दिलं आहे: मला मेहनती व्हावं लागलं, जो तेवढीच मेहनत करील तो तेवढाच पुढे जाईल. त्याचा दुसरा भाग मी मानत नाही. तेवढीच मेहनत करणारे तेव्हाही पुष्कळ कँटर होते. पहिला भाग मात्र शब्दशः घ्यावा: व्हावं लागलं. रविवार होता, छापलेले शब्द होते, कुनाउचा पुतण्या पार्टांसाठी थांबलेला होता. मेहनत हा त्याचा गुण असेल. पण त्या गुणाला रोज कामाला जुंपणारी यंत्रणा बाहेर होती, आणि तिचा बराच भाग त्याने स्वतः उभा केला होता.

१७२९ मध्ये त्याने विद्यार्थ्यांच्या संगीतमंडळाची सूत्रं घेतली. त्सिमरमानच्या कॉफीगृहात त्यांचे कार्यक्रम व्हायचे. चर्चसाठीचं नवं लेखन विरळ झालं. ते परवडलं, कारण साठा तयार होता. जुने पार्ट कपाटातून निघत, त्यांवर दुरुस्त्या होत आणि ते पुन्हा वाजत. बाखच्या मृत्युलेखात पाच वर्षांच्या पाच मालिका होत्या असं म्हटलं आहे. ते खरं धरलं तर सुमारे शंभर कँटाटा हरवल्या. वाटणीत विल्हेल्म फ्रीडमानकडे गेलेल्या हस्तलिखितांपैकी अनेक त्याने पैशाच्या अडचणीत विकली. कोराल कँटाटांची मालिका जवळपास पूर्ण उरली, ती बव्हंशी पार्टांच्या रूपात. आना माग्डालेनाने तो संच १७५० मध्ये सेंट थॉमस शाळेला दिला. त्याच सुमारास तिला आणि मुलांना आणखी सहा महिने शाळेच्या घरात राहायची मुभा मिळाली.